साठ हजारांची यादी आणि सिलिंडरवरचं साल

पत्र:

ताई, मी ४२ वर्षांचा, वारज्यात राहतो, नोकरी हिंजवडीत. दोन वर्षांपासून १० मीटर एअर पिस्तूल मारतोय, आठवड्यातून तीन संध्याकाळी, ऑफिसातून परत येताना बालेवाडीजवळच्या एका रेंजवर. पिस्तूल ऑस्ट्रियन बनावटीचं, सेकंडहँड, गेल्या वर्षी घेतलेलं. फोटो सोबत जोडलाय. स्कोअर सहा महिने ६०० पैकी ५३८ ते ५४५ मध्ये अडकलाय, हलतच नाही. आता बाहेरून पार्ट मागवून पिस्तूल सुधारायचं मनात आहे. यादी अशी: अक्रोडाची नवी ग्रिप, गोल फिरणारं ट्रिगर ब्लेड, नळीखाली लावायची वजनं, नवा कॉम्पेन्सेटर (शॉटचा धक्का कमी करणारा नळीच्या तोंडावरचा भाग) आणि जाड फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंट. (चाळिसाव्या शॉटनंतर फ्रंट साइट पुसट दिसायला लागते, म्हणून जाड.) सगळं मिळून ६० हजारांच्या घरात जातंय. बायको म्हणते, आधी माळ्यावरची सायकलची कार्बनची चाकं विका, मग पिस्तुलाला हात लावा. पण पिस्तूल दगा देऊ शकतं हे खोटं नाही ना? टोकियोत मनू भाकरचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तर हे पार्ट घेण्यात अर्थ आहे का? आणि जाता जाता, माझ्या मेहुण्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे. त्याला त्याचा ट्रिगर हलका करून हवाय. तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?

– एक वारजेकर

उत्तर:

वारजेकर, नमस्कार.

तुमची यादी वाचण्याआधी मी फोटो मोठा करून बघितला. सवयच आहे. सेकंडहँड पिस्तूल समोर आलं की लोक नळी बघतात, ग्रिप हातात घेऊन बघतात. मी सिलिंडरवरचे, म्हणजे दाबाची हवा भरायच्या नळकांड्यावरचे, आकडे शोधते. तुमच्या सिलिंडरवर ०४/१४ असं कोरलंय, म्हणजे एप्रिल २०१४ चं उत्पादन. या सिलिंडरचं आयुष्य बनल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, आणि ती मुदत सांभाळायची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी सरळ खेळाडूवर टाकलेली आहे. म्हणजे तुमचं सिलिंडर २०२४ च्या एप्रिलमध्येच निवृत्त व्हायला हवं होतं. त्यात तुम्ही आठवड्यातून तीनदा २०० बार हवा भरून ते पोटाशी धरून उभे राहताय. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज घ्या.

तेव्हा पहिली खरेदी ठरली. आजच हवा सोडून द्या, सिलिंडर बाजूला ठेवा आणि पिस्तूल ज्या कंपनीचं आहे तिच्याचकडचं नवं मागवा. दुसऱ्या कंपनीचं "बसतंय की" म्हणून लावू नका. ते यायला वेळ लागेल. तोवर काय करायचं ते पुढे सांगते, कारण तुमच्या स्कोअरचं बरंचसं काम हवेशिवायच होणार आहे.

मनू भाकरचा दाखला तुम्ही दिलात, तो बरोबर आहे, पण तुमच्या यादीच्या विरुद्ध जातो. २०२१ मध्ये टोकियोत पात्रता फेरी चालू असताना तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. तिथे कमी पडला तो चालू असलेला पार्ट चालू राहण्याचा भरवसा. जाड साइट किंवा नवं ब्लेड असतं तर काय फरक पडला असता? तीच मुलगी २०२४ ला पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. सामान्य खेळाडूनं त्यातून घ्यायचं ते एवढंच, की पिस्तूल वर्षातून एकदा माहितगाराकडून उघडून घ्यावं, सील आणि ओ-रिंग बदलून घ्याव्यात, मुदत संपलेलं काही त्यावर ठेवू नये. तुमच्या पत्रात सर्व्हिसिंगचा शब्द नाही. विकत घेतल्यापासून उघडलेलंच नाही, असं मी धरून चालते.

आता स्कोअर. ५४१ धरू. साठ शॉटमध्ये ५४१ म्हणजे सरासरी नऊच्या किंचित वर. प्रश्न असा की हे जे ५९ गुण गेले, ते पिस्तुलानं खाल्ले की तुम्ही? याचं उत्तर एका संध्याकाळीत मिळतं, अर्थात नवं सिलिंडर आल्यावर. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, खुर्चीत बसा, पिस्तूल पिशवीवर टेकवा आणि एकाच टारगेटवर घाई न करता पाच शॉट मारा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे, साधारण शर्टाच्या बटणाएवढा. मॅच पिस्तूल कारखान्यातून निघतं तेव्हा शिकंज्यात धरून मारलेलं टारगेट बरोबर येतं, त्यावर पाचही छर्रे एकाच फाटक्या भोकातून गेलेले असतात. तुमच्या पिस्तुलाला वय झालंय, तरी वाळूच्या पिशवीवरून ते दहाच्या आतच घालेल अशी माझी पैज. घातलं, की नळी, कॉम्पेन्सेटर वगैरे विषय तुम्ही डोक्यातून काढून टाका. यादीतला कॉम्पेन्सेटर इथेच खोडला. साडेचार मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, त्याचा धक्का तो काय, आणि जो आहे त्याचा बंदोबस्त कारखान्यानं आधीच केलेला असतो.

वाळूच्या पिशवीवरून ग्रुप पसरला, तर मात्र थांबा. पार्ट मागवायच्या आधी छर्रे बदला. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप लिहिलेलं असतं. प्रत्येक नळीला एखादं माप आवडतं, का आवडतं ते नळीलाच माहीत. दोन-तीन मापांचे एकेक डबे आणा, पिशवीवरूनच पाच-पाच मारून बघा, आणि जे जमेल त्याच बॅच नंबरचे जास्तीचे डबे घेऊन ठेवा. नळीसाठी याहून जास्त काही करण्यासारखं नाही.

मग गुण जातात कुठे? तुमच्या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर मोजा. ३२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. टारगेट १० मीटरवर, म्हणजे त्याच्या ३१ पट लांब. मागच्या खाचेत पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्रा टारगेटवर ३१ मिलिमीटर बाजूला जातो. वर्तुळं ८-८ मिलिमीटरच्या अंतरानं आहेत, तेव्हा दहाचा सात होतो, तोही कसाबसा रेषेला चाटून. पाव मिलिमीटर सरकली, तरी दहा निसटायच्या बेताला येतो. याउलट दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो आणि दहातच पडतो. नवशिक्यांना हे पटत नाही. हात हलतोय म्हणून ते घाबरतात आणि हात स्थिर असल्याच्या क्षणी ट्रिगर "पकडतात". त्या पकडण्यात मनगट वळतं, साइट सरकते आणि आठ लागतो. मग म्हणतात, ट्रिगर बदलायला हवा.

ट्रिगरचंच आधी बघू. तुमच्या पिस्तुलाच्या ट्रिगरला आताच चार-पाच स्क्रू आहेत: पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, सुटल्यानंतर ब्लेड कुठे थांबावं, ब्लेड पुढे-मागे, ब्लेड तिरकं. यातला एक तरी स्क्रू तुम्ही गेल्या वर्षात फिरवलाय का? बहुतेक आधीच्या मालकाच्या बोटाला बसेल असंच ते अजून आहे. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून चाल बिघडली, तर चपलेचा तळवा बदलून काय होणार? ब्लेड अशा जागी आणा की तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग त्यावर पडेल आणि बोट ग्रिपच्या लाकडाला कुठेही टेकणार नाही. बोट लाकडाला घासत असेल तर ओढताना अख्खं पिस्तूल ढकललं जातं. अर्ध्या लोकांची ट्रिगरची तक्रार तिथे संपते.

ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, मात्र ५०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका, नियमात तेवढं किमान आहेच. घरी तपासायला अर्धा लिटर पाण्याची बाटली घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाणी कमी-जास्त करत ५२० ग्रॅम करा, दोरीनं ब्लेडला अडकवा आणि नळी छताकडे करून हळू उचला. उचलली गेली पाहिजे, आणि ट्रिगर सुटला नाही पाहिजे. वरचे २० ग्रॅम का, ते सांगते. माझा एक विद्यार्थी "अगदी काठावर" ट्रिगर लावायचा. राज्य स्पर्धेत शेवटचा शॉट झाल्यावर तपासणीच्या चिठ्ठीत त्याचं नाव निघालं, पंचांनी वजन लावलं, तीनदा उचललं, तिन्ही वेळा ट्रिगर सुटला. साठ शॉटची मेहनत अपात्र. हॉलमधल्या थंडगार एसीत स्प्रिंगचं वागणं बदललं होतं की बसच्या प्रवासात स्क्रू सैल झाला होता, कोण जाणे. तो पोरगा त्या दिवसापासून ५३० लावतो.

तेव्हा फिरणारं ब्लेडही खोडलं. स्क्रू फिरवून, बोट नीट ठेवून तीन महिन्यांनीही ब्लेड टोचत असेल तर मला परत लिहा.

आता त्या पुसट दिसणाऱ्या फ्रंट साइटकडे येते. अहो, तुमचं वय ४२. याला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे, आणि तो साइटला लागू होत नाही. चाळिशी लागली तुम्हाला! साइट जाड करून पुसट दिसणारी गोष्ट फक्त जास्त जाड आणि तितकीच पुसट दिसेल. पेपर वाचताना हात लांब होतोय का, ते बायकोला विचारा. तिला कळलेलं असेल, तुम्हाला कळायच्या आधी.

नेमबाजाच्या डोळ्याला टारगेट स्पष्ट दिसायची गरज नसते. फ्रंट साइट धारदार दिसायला हवी, टारगेट धूसर चालतं. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण एका हाताच्या अंतरावर. पहिल्या वीस शॉटला डोळ्याचा स्नायू ताण देऊन ते अंतर पकडतो, चाळीस शॉटनंतर दमतो, आणि तुम्हाला वाटतं साइट बिघडली. यावर उपाय डोळ्यांच्या डॉक्टरकडे आहे. एक सुतळी घ्या, पिस्तूल (सिलिंडर काढून, रिकामं आहे याची खात्री करून) नेमबाजीच्या पवित्र्यात धरा, घरच्या कोणाला तरी डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर सुतळीनं मोजायला सांगा आणि तिथे गाठ मारा. ती गाठ मारलेली सुतळी घेऊन डॉक्टरकडे जा. पिस्तूल नेऊ नका, दवाखान्यात उगाच धावपळ होते. त्यांना सांगा, उजव्या डोळ्याला या अंतरावर स्पष्ट दिसेल असं भिंग हवंय. लांबच्या नंबरात अर्धा किंवा पाऊण प्लस मिळवला की बहुतेकांचं जमतं, तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. लक्ष्मी रोडवर नंबर दिला की साध्या फ्रेममध्येही भिंग बसवून देतात. नेमबाजीची खास फ्रेम नंतर घ्या, घ्यायचीच असेल तर.

पॅरिसला तुर्कीचा युसुफ डिकेच, वय ५१, एक हात खिशात, डोळ्यावर रोजचा चष्मा, अशा अवतारात मिश्र दुहेरीचं रौप्य घेऊन गेला आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवर "बघा, काही साधन लागत नाही" असे संदेश फिरले. साधन होतंच. हातात पूर्ण मॅच पिस्तूल होतं, आणि खिशात हात घालून तर पिस्तुलाचे जवळपास सगळेच उभे राहतात, तो मोकळा हात लोंबकळू नये म्हणून. पण चष्मा त्याच्या डोळ्याला बसलेला होता, आणि तुमच्या यादीत चष्मा नाही.

वजनांबद्दल मी अर्धी तुमच्या बाजूनं आहे. पुढे थोडं वजन आलं की डोलणं संथ होतं, साइट शांत वाटते. हे खरं आहे, आणि काहींच्या हाताला ते फार मानवतं. दुसरी बाजू अशी की स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट, त्याच्या आधी सराव शॉट, शिवाय प्रत्येक शॉटला पिस्तूल एकदाच वर जातं असं नाही. पटलं नाही की खाली घ्यायचं, पुन्हा उचलायचं. शंभराच्या वर उचल सहज होते. दिवसभर माऊस धरून आलेला खांदा तुमचा, विचार करा. नियमात पिस्तुलाचं एकूण वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालतं म्हणून तिथवर जायलाच हवं असं नाही. पण प्रयोग करायला हजारो रुपये कशाला? टायरच्या दुकानात चाकांचं बॅलन्सिंग करताना रिमला चिकटवतात ना, पाच-दहा ग्रॅमच्या पट्ट्या? त्यातली एक पट्टी मागून आणा. माझ्या टायरवाल्यानं पैसेही घेतले नाहीत, फक्त "मॅडम, स्कूटरला लावू नका" एवढं बजावलं. नळीखाली पुढच्या बाजूला दहा ग्रॅम चिकटवा, आठवडा मारा. वीस करा, आठवडा मारा. प्रत्येक वेळी शेवटच्या दोन सिरीजचे (दहा शॉटची एक सिरीज) गुण लिहून ठेवा, पहिल्या दोन नव्हे. पहिल्या दोन सिरीजमध्ये सगळ्यांनाच जड पिस्तूल आवडतं.

राहिली ग्रिप. यादीत हीच एक वस्तू खरी आहे, म्हणून हिच्याबद्दल लांबण लावते.

२००९ ची गोष्ट. तेव्हा बायकांच्या स्पर्धेत ४० च शॉट असायचे, ६० झाले ते २०१८ पासून. मी ४०० पैकी ३७१ च्या आसपास मारत होते. एका मोठ्या खेळाडूच्या हातात अक्रोडाची सुंदर ग्रिप बघितली आणि एका विक्रेत्याकडून तशीच मागवली. मीडियम सांगितली होती, लार्ज आली. तो म्हणाला, "हाताला सवय होईल." हाताला सवय झाली नाही, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा मात्र पडला. पुढच्या स्पर्धेत ३५८. मी तरीही आठ महिने ती वापरली, कारण पैसे मोजले होते. शेवटी जुनी ग्रिप परत लावली, दुपारभर बसून घासली, आणि महिनाभरात ३७० च्या घरात आले. ती अक्रोडाची ग्रिप माझ्या टेबलावर अजून आहे. विजेची बिलं उडू नयेत म्हणून ठेवते.

बाहेर हाताचं माप घेऊन ग्रिप बनवणारे चांगले कारागीर आहेत, जर्मनीतल्या रिंकचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हाताची आकृती कागदावर काढून पाठवायची असते. पण तुमचा हात अजून स्वतःची पकड शिकलेला नाही. आज काढलेलं माप वर्षानं तुमचं राहणार नाही. त्यामुळे आधी आहे ती ग्रिप घासा.

आधी परीक्षा. सिलिंडर काढलेलं, पिस्तूल रिकामं. भिंतीसमोर उभे राहा, पकड घ्या, डोळे मिटा, हात वर न्या, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. दहा वेळा करा आणि कुठे दिसते ते लिहा. दहापैकी सात-आठ वेळा ती एकाच बाजूला कललेली असेल, तर तुम्ही प्रत्येक शॉटला मनगटानं ती मध्ये ओढून आणताय, आणि चाळिसाव्या शॉटला मनगट कंटाळतं. नेमके तेच गुण जातात. काही ग्रिपना कोन बदलायचा स्क्रू असतो, तो असेल तर आधी तो फिरवून बघा.

मग बोहरी आळीत जा. एक अर्धगोल कानस, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, एम-सीलची दोन पाकिटं. गेरू घरी नसेल तर तोही आणा. ग्रिप पिस्तुलावरून काढून घ्या... नाही, थांबा, पहिल्यांदा पिस्तुलावरच राहू द्या, नाहीतर पकड खरी येत नाही. तळहाताला कोरडा गेरू चोळा, नेहमीसारखी पकड घ्या, अर्धा मिनिट धरा, सोडा. लाकडावर जिथे गडद लाल डाग आहे तिथे हात जास्त दाबला जातो, जिथे लाकूड कोरं आहे तिथे हात पोचतच नाही. तुमच्या फोटोवरून माझा अंदाज असा की अंगठ्याखालचा उंचवटा तुम्हाला जास्त आहे आणि तळव्याच्या मधल्या खळग्यात पोकळी आहे. आधीच्या मालकाचा हात मोठा असावा.

आता ग्रिप काढा. गडद जागी कानस फिरवा, पण एका बैठकीला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही, म्हणून घाई करायची नाही. पोकळीत एम-सील मळून लावा, ग्रिप पुन्हा पिस्तुलावर चढवा, वर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा आणि पकड घेऊन उभे राहा. एम-सील कडक व्हायच्या आत तुमच्या हाताचा ठसा त्यात उमटतो. एका दिवसानं पॉलिश पेपर मारा. दिसायला ते ओबडधोबडच दिसेल, रेंजवरची मुलं हसतील. हसू द्या. चांगल्या चांगल्या नेमबाजांच्या ग्रिपवर पुट्टीची ठिगळं बघितली आहेत मी.

दोन गोष्टींची मर्यादा पाळा. ग्रिपचा कुठलाही भाग हाताला वेढा घालणारा नको आणि मनगटाच्या मागे टेकणारा नको. तळव्याखालची फळी वर वळवून हात कुलूपबंद करायचा मोह होतो, ती काटकोनाच्या पुढे वळली की तपासणीत अडवतात. आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. एम-सीलचा थर फुगला की पन्नासाची रुंदी पहिली ओलांडली जाते.

नवं सिलिंडर येईपर्यंत हेच करा, आणि सोबत घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता सराव. पांढऱ्या भिंतीसमोर, टारगेट न लावता, रोज पंधरा मिनिटं. नुसती साइट बघायची आणि ट्रिगर ओढायचा, ओढल्यावर साइट कुठे उडाली ते बघायचं. भिंत पांढरी असल्यामुळे डोळा टारगेटकडे पळत नाही. पिस्तूल ड्राय फायरच्या सोयीवर ठेवूनच, ते मात्र पुस्तिकेत बघा. सहा आठवड्यांनी स्कोअर कळवा.

मेहुण्यांचं उत्तर सरळ नाही असं आहे, आणि ओळखीचं कोणी असतं तरी सांगितलं नसतं. त्यांच्याकडचं अग्निशस्त्र आहे, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं. त्याची दुरुस्ती करायलासुद्धा समोरच्याकडे परवाना लागतो. कोणीतरी "हात चांगला असलेला" फिटर तो उघडतो, तेव्हा दोघंही अडकतात. कायदा बाजूला ठेवला तरी ट्रिगर हलका करायचं कारण काय? खेळातसुद्धा २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅमचा ट्रिगर लागतो. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सोनं आणलं, तेही एवढ्याच ट्रिगरवर, आणि तेही रेंजवर, जिथे शेजारी पंच उभा असतो आणि हुकुमाशिवाय कोणी पिस्तूल भरत नाही. स्वसंरक्षणासाठी घेतलेलं पिस्तूल घाबरलेल्या, घामेजलेल्या हातात येणार. त्याला जड ट्रिगर हवा. त्यांना सांगा, ट्रिगर जड वाटतो कारण तुम्ही तो वर्षाकाठी दोनदा ओढता. .३२ ची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात बनतात, बुडावर के एफ असा ठसा असतो. परवान्यावर जेवढी लिहिली आहेत त्यातली थोडी रीतसर रेंजवर, प्रशिक्षकासमोर संपवा म्हणावं. आणि घरी लहान मुलं असतील तर पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

तर आता मागवायचं काय? सिलिंडर, सर्व्हिसिंगचं सामान, चष्म्याचं भिंग, छर्‍यांचे तीन डबे, एम-सील. वजनांच्या पट्ट्या टायरवाल्याकडून. ग्रिपचं पुढच्या दिवाळीला बघू, तुमची पकड ठरल्यावर.

ता. क. – ती कार्बनची चाकं ७०० सी मापाची असतील आणि रिम ब्रेकची असतील, तर माळ्यावरून काढून एक फोटो पाठवा. माझा भाचा शोधतोय.